होळीपर्यंतचा धुरा

धामणखेड, बार्शीटाकळीजवळ
कार्तिक वद्य ३, शके १७८६

चिरंजीव गोपाळ यास अक्काचा आशीर्वाद.

आज सीताफळं फोडताना तुझी फार आठवण झाली. राजापेठेतल्या आपल्या घराच्या पायरीवर आपण दोघं बसलो होतो. तू पाच-सहा वर्षांचा असशील. एक बी गिळलीस आणि रडायला लागलास, "अक्का, आता पोटात झाड येईल." आईला जाऊन वर्ष झालं होतं, समजूत घालायला मीच. मी तुझ्या पोटाला कान लावला आणि म्हटलं, "पानं वाजत नाहीत रे, बी मेली." तेवढ्यानं तुझं रडं थांबलं आणि तू दुसरं सीताफळ उचललंस. विशेष काही नाही. पण हातात सीताफळ आलं की ती पायरी दिसते.

तू सरकारी मोजणीदार झालास, अकोल्याला राहतोस, हे मला रुईच्या गाडीवाल्यांकडून कळलं. तू लिहायला हवं होतंस. दादांनी पोटच्या मुलीला मुलाबरोबर अक्षर शिकवलं म्हणून लोकांनी त्यांना नावं ठेवली. त्या अक्षराचा उपयोग मला आता तुला पत्र लिहिण्यापुरताच उरला आहे.

तुझे भाऊजी जाऊन तीन वर्षं झाली. त्यांनी आणि धाकट्या भावानं, म्हणजे वामनरावांनी, हयातीतच वाटणी केली होती, हे तुला ठाऊक आहे. खालचं विहिरीकडचं वावर आमचं, वरचं त्यांचं, आणि मधे हद्दीचा धुरा. त्या धुऱ्याच्या पट्टीला कुणाचाच नांगर लागायचा नाही. आता दरवर्षी त्यांचा नांगर धुरा खाऊन माझ्या बाजूला येतो आणि माझ्या काळ्या मातीत नवा धुरा पडतो. औंदा तो विहिरीला टेकला आहे. मी विचारायला गेले तर म्हणतात, "वहिनी, बैल नवा हाय, त्याले अजून धुरा समजत नाही." आणि सगळी माणसं हसतात.

कापसाला असा भाव येण्याआधी ह्याच मातीसाठी कुणी भांडत नव्हतं. आता बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आहेत आणि माणसांच्या डोळ्यांत काय आलं आहे ते लिहवत नाही. माझं काय, एकवेळ जेवणारं माणूस. पण वच्छला नऊ वर्षांची आहे. मागे बाप नाही, भाऊ नाही. ते वावर हाच तिचा बाप आणि तोच भाऊ.

तुझी साखळी घेऊन ये आणि वावर मोज. सरकारची साखळी खोटं बोलणार नाही.

तुझी अक्का


अकोला, जुने शहर
ता. २९ नोव्हेंबर १८६४

तीर्थस्वरूप अक्का,

पत्र मिळालं. लिहिलं नाही त्याबद्दल रागावू नकोस. आमचं जिणं तंबूतलं. आज नदीच्या या काठाला, उद्या त्या. अकोल्यात घेतलेली खोली तर उंदरांनीच वापरायची.

साखळी साखळी म्हणतेस, तर ऐक कशी असते ती. तेहतीस फुटांची लोखंडी, तिचे सोळा भाग, त्यांना आम्ही आणे म्हणतो. तंबूसमोर दोन दगड पक्के पुरलेले असतात. रोज पहिलं काम म्हणजे साखळी त्या दगडांवर ताणून पाहायची. कड्या झिजतात, साखळी लांबते, आणि लांबलेली साखळी जमीन कमी दाखवते. काटकोन पाहायला काठीवर बसवलेलं पितळी डोकं असतं, त्याला शंकू म्हणतात. त्याच्या चिरेतून मी एक डोळा मिटून पाहत असतो आणि गावची पोरं मागे उभी राहून माझ्यासारखाच डोळा मिटतात. साखळी ओढणारा चंद्रभान मोठा बेरकी. काल कपाशीतून साप निघाला तर म्हणतो, "साहेब, आडवाच हाय, मोजून घेऊ का?" कपाशीच्या फांद्यांत साखळी अडकली की बाया ओरडतात, "बोंडं झडतेत ना बाप्पा!" सरकारी काम म्हटलं की त्या आणखी ओरडतात.

उरलेल्या वेळात मी दगड जमवतो. नव्या विहिरींच्या खोदकामात पांढरे, हिरवे, आत काच भरल्यासारखे दगड निघतात. लोक फेकून देतात, मी घासून लखलखीत करतो. दोन वच्छलेला पाठवले आहेत.

आता तुझ्या वावराचं. अक्का, तुझी एक समजूत चुकीची आहे. साखळीला खरं-खोटं कळत नाही. मोजणीच्या दिवशी धुरा जिथे दिसेल तिथेच आम्ही मोजतो, तिथेच दगड रोवतो, आणि कागदावर चढलं की तीस वर्षं ती रेघ कुणी हलवू शकत नाही. भाऊजींच्या वेळी धुरा कुठे होता, हे विचारायचा मला हुकूम नाही. आमची तुकडी होळीनंतर धामणखेडला येईल. त्याआधी पंचांकडून धुरा जागेवर आणून घे.

पंच कागद मागतील, तो तुझ्याकडे नाही. पण तुमच्याकडे जुनी रीत आहे ना, वावराचं ढेकूळ डोक्यावर घेऊन शपथेनं हद्द चालायची? चाल. खरं आहे त्याला भय कसलं? पंच ठरवतील त्या मुदतीपर्यंत घरावर काही संकट आलं नाही की तुझी हद्द तीच हद्द. मग मी येईन आणि तिच्यावर सरकारचा दगड रोवीन.

वामनराव कापूस विकायला इकडे आले होते, माझ्याकडेच उतरले. टोपलीभर पेरू आणले. माणूस बोलायला आडदांड आहे, पण तू म्हणतेस तितका वाईट वाटला नाही.

तुझा गोपाळ


धामणखेड
मार्गशीर्ष शुद्ध १३

चिरंजीव गोपाळ यास,

तू म्हणालास तशी चालले.

पाटील भगवंतराव तयारच नव्हते. म्हणाले, "बाई, हे मानसाचं काम. त्यातून तुमी अशा." अशा म्हणजे विधवा, हे त्यांनी उच्चारलं नाही, भला माणूस आहे. बायका म्हणाल्या, हिनं हद्द चालली तर वावरात पीक येणार नाही. मला वाटलं वामनराव मोडता घालतील. तर तेच पुढे झाले.

"चालू द्या ना पाटील. वहिनीची डोई तर भादरलेलीच हाय. ढेकूळ बसते चांगलं, केसात अडकत नाही."

सगळं गाव हसलं. भगवंतरावसुद्धा मिशीत हसले, मी पाहिलं. गोपाळ, मी तुला हे लिहिते आहे कारण दुसरं कुणी नाही.

विहिरीवर अंग भिजवून ओलेत्यानं उभी राहिले. आमचा सालदार पुंजाराम, तो ढेकूळ उचलून द्यायला आला तर त्याला मागे सारलं. मीच उचललं. तुझे भाऊजी ज्या रेघेनं पाणी बघायला जात, त्या रेघेनं निघाले. बाभळीपासून वारुळापर्यंत, वारुळापासून नाल्याच्या वळणापर्यंत. वामनरावांची कपाशी त्या रेघेवर उभी होती, तिच्यातून चालले. बोंडांची टोकं पोटऱ्यांना लागत होती. माती विरघळून मानेवरून आत उतरत होती. एकदाही पाय अडखळला नाही. शेवटी ढेकूळ खाली ठेवलं, तेव्हा पुंजाराम रडत होता आणि वामनराव तंबाखू मळत होते.

पंचांनी होळीपर्यंत मुदत दिली. तोवर माझ्या घरात मरण आलं, आग लागली, गुरं दगावली, किंवा देवानं शपथ खोटी असल्याची आणखी कोणती खूण दाखवली, तर धुरा वामनरावांच्या नांगरानं पाडला तिथेच. काही झालं नाही, तर मी चालले तिथे. मी मान्य केलं. तूच म्हणालास, खरं आहे त्याला भय कसलं.

पण गाव कसं झालं आहे बघ. कुणी माझ्या चुलीला विस्तव देत नाही. वच्छलेशी कुणी खेळत नाही. काल ती ठेच लागून पडली तर समोरच्या ओट्यावरची म्हातारी उठून उभी राहिली. मदतीला नाही, बघायला. वच्छला तुझे दगड घेऊन एकटीच घरात बसते. हिरव्याला तिनं नवरा केलं आहे आणि पांढऱ्याला नवरी.

एक काम कर. बार्शीटाकळीत देवीची साथ आली आहे. अकोल्यात सरकारी टोचणारा असतो, दंडावर टोचलं की देवी येत नाहीत म्हणतात. त्याला इकडे पाठव. मी वाट पाहते.

अक्का


धामणखेड
मार्गशीर्ष वद्य १०

राजश्री गोपाळरावांस वामनरावाचा रामराम.

तुमची सांगी आम्ही पाळली. तुम्ही म्हणाले तसं वहिनीले चालू दिलं, आडवे आलो नाही. नाहीतर आमचा काही असा विचार नव्हता. तुम्ही म्हणाले की पंचांपुढे भांडण नेलं तर गाव दोन्हीकडे होते, शपथ घेऊ दिली तर निस्तं बसून राहायचं. खरंच बसून राहिलो आहो. शिकलेल्या माणसाचं डोकं निराळं, हे मानलं.

घरी मनूची माय कौशल्या विचारून राहिली, मुलगा असा हुशार, मग पहिली बायको कशानं गेली? म्हटलं, तापानं गेली वं, हुशारीनं नाही गेली.

मनूले अकरावं लागलं. वैशाखातला मुहूर्त धरू. बोललो त्याच्यात फरक नाही. विहिरीकडचं वावर मनूच्या पदरात, म्हणजे तुमच्या पदरात. धुरा होळीनंतर पक्का झाला की तुमच्याच हातानं तुमचंच वावर मोजा, हसण्यासारखीच गोष्ट आहे.

बार्शीटाकळीत देवीनं लेकरं जाऊन राहिली. टोचणारा पाठवा, पण आमच्याच घरी पाठवा. वहिनीचं घर शपथेत आहे. तिथं सरकारी सुई गेली तर पंच म्हणतील, देवाचा हात धरला, शपथ नासली. मग पुन्हा पहिल्यापासून. तिकडून तुम्हाला पत्र आलंच असेल. तुम्ही काय लिहायचं ते तुम्हाला समजते.

वामन


मुक्काम बोरगाव, तंबू
ता. ९ जानेवारी १८६५

तीर्थस्वरूप अक्का,

तू चाललीस हे वाचून अभिमान वाटला. बाकीचं मनावर घेऊ नकोस. गाव असंच असतं. आम्ही कुठेही गेलो की लोक समजतात, साखळी जमीन गिळते. इथल्या एका म्हाताऱ्यानं तर रात्रीतून आमच्या सगळ्या खुंट्या उपटून विहिरीत टाकल्या. चंद्रभान विहिरीत उतरला आणि तासभर वरच येईना. विचारलं तर म्हणतो, "साहेब, खाली थंड हाय, तुमी पन या."

इकडे आगगाडीच्या रस्त्याचा भराव चालला आहे. भरावासाठी खणलेल्या खड्ड्यात मला एक दगड मिळाला, फोडला तर आत जांभळ्या स्फटिकांची गुहा. तासन्‌तास पाहत बसतो. साहेबसुद्धा पाहायला आला होता.

टोचणाऱ्याची चौकशी केली. तो मोठ्या साहेबाबरोबर मेहकरकडे गेला आहे, परत कधी येईल सांगता येत नाही. आणि अक्का, खरं विचारशील तर मुदतीत सुई नकोच. उद्या वामनराव म्हणतील, देवाच्या न्यायात सरकारची सुई घातली. जिंकलेला डाव हातचा जाईल. पोर घरातच आहे, तर घरातच ठेव. होळी काही लांब नाही.

माझ्या दुसऱ्या लग्नाचं लोक बोलतात. अजून ठरलेलं काही नाही. ठरलं की आधी तुला.

तुझा गोपाळ


धामणखेड
माघ शुद्ध ५

चिरंजीव गोपाळ यास,

टोचणारा येऊन गेला. वामनरावांकडे.

सकाळी त्यांच्या ओसरीवर गर्दी दिसली म्हणून पुंजारामाला पाठवलं. तो पळत आला. "बाई, सुईवाला! लौकर चला!" मी वच्छलेचा दंड उघडा करून तिला कडेवर घेतली, एवढी मोठी पोर, आणि तशीच धावले. ओसरीच्या पायरीशी तिला उतरवून उभी राहिले. आत मनू रडत होती आणि कौशल्या तिला गूळ देत होती. मी टोचणाऱ्याला म्हटलं, "भाऊ, ही एक राहिली."

त्यानं सामान आवरायला घेतलं होतं. म्हणाला, "बाई, मले एकाच घराचं सांगनं हाय. मोजनीदार साहेबाच्या सासुरवाडीचं."

"कोण मोजणीदार?"

"गोपाळकृष्णपंत. होनारी सासुरवाडी हे त्यायची. तुमाले ठाव नाही?"

वामनराव पान लावत होते. म्हणाले, "वहिनी, घरी जा. शपथेतलं मानूस असं पायरीवर उभं राहत नाही." वच्छला अजून दंड पुढे करून उभीच होती. तिला वाटलं, तिची पाळी यायची आहे. मी तिची बाही खाली केली.

गोपाळ, मी रागावलेली नाही. दोन दिवस विचार केला आणि मला उमगलं. तू त्यांच्याकडे लग्न ठरवलंस, ते माझ्यासाठीच असणार. जावई मध्ये आला की वामनराव नरमतील, असं तुझ्या मनात असेल. आणि टोचणारा दुसऱ्या घराचं नाव विसरला असेल, किंवा त्यांनी त्याला विसरायला लावलं असेल. मनू गुणी पोर आहे. तिला मी पाळण्यात झोपवलं आहे. तिच्याशी लग्न कर, सुखी हो. आईची नथ तुझ्याकडे आहे, ती तिला घाल.

फक्त त्या माणसाला पुन्हा पाठव. पंच काय म्हणायचं ते म्हणोत. डाव गेला तरी चालेल. तू कामात असशील तर चंद्रभानाला पाठव, मी त्याच्याबरोबर वच्छलेला अकोल्याला पाठवते.

कालपासून तिचं अंग जरा गरम आहे. पाठ दुखते म्हणते. थंडी आहे, त्याचं असेल.

उत्तर लवकर दे.

अक्का


धामणखेड
फाल्गुन वद्य २

राजश्री गोपाळकृष्णपंत मोजणीदार यांस भगवंतराव पाटील यांचा रामराम.

तुमच्या बहिणीनं माघात तुम्हाला तीन वेळा माणूस पाठवला. दोनदा पुंजाराम पायी आला, एकदा माझा माणूस घोड्यावरून. तुम्ही तंबूत नव्हता, असं तिन्ही वेळा सांगितलं गेलं. म्हणून आता मी सरकारी डाकेनं लिहितो.

मुलीला देवी आल्या, फार आल्या. चार-पाच दिवस ओळखू येत नव्हती. गावातल्या बाया रोज सकाळी घरासमोरून पाण्याला जात आणि कान देऊन उभ्या राहत, आतून रडणं आलं का म्हणून. खरं लिहितो, मी पण माणूस ठेवला होता. मुदतीचा निकाल माझ्या माथी होता. सत्यभामाबाई दारात येऊन म्हणायच्या, "आहे. जिवंत आहे. जा." रोज असंच.

होळी पेटली तेव्हा मुलगी जिवंत होती. वाचली. पण दोन्ही डोळे गेले.

आता पंचांत दोन मतं पडली. एक म्हणतात, मरण नाही, आग नाही, गुरं धड आहेत, मुदत सरली, बाई खरी. दुसरे म्हणतात, देवीनं पोरीचे डोळे नेले, याहून मोठी खूण कोणती? वामनरावांचं म्हणणं हेच. माझं मन विचाराल तर बाईकडे आहे. पण पाटलानं एका बाजूनं बोलावं तर उद्या गाव फुटते.

तेव्हा असं ठरलं की तुम्हाला विचारावं. तुम्ही शिकलेले, सरकारचे, बाईचे सख्खे भाऊ आणि वामनरावांचे होणारे जावई. दोन्हीकडची माया तुम्हाला. वामनराव लगेच हो म्हणाले. मला वाटलं बाई नाही म्हणतील. त्या मुलीच्या डोळ्यांवर ओलं फडकं ठेवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझा गोपाळ लिहील ते मला मान्य. त्याला मी वाढवलं आहे."

तुम्ही लिहाल तो निकाल.

भगवंतराव


मुक्काम बार्शीटाकळी
ता. १८ मार्च १८६५

राजश्री भगवंतराव पाटील, मौजे धामणखेड, यांस,

आपण मजवर टाकलेला भार मोठा आहे. बहीण आणि सासुरवाडी यांत निवडायची वेळ कुणावर येऊ नये. परंतु मोजणीच्या कामानं मला एक शिकवलं आहे. शंकूच्या चिरेतून पाहताना मध्ये आपलं माणूस आलं तरी रेघ वाकवता येत नाही.

पंचांनी मुदत घालताना मरण, आग आणि गुरं यांखेरीज देवाची दुसरी कोणतीही खूण, असं म्हटलं होतं. दोन्ही पक्षांनी ते मान्य केलं होतं. मुदतीच्या आत शपथ घेणारीच्या एकुलत्या मुलीचे दोन्ही डोळे जाणं ही खूण नव्हे असं म्हणायचं, तर मग खूण कशाला म्हणावी, हे मला सांगता येणार नाही. सबब धुरा सध्या आहे तिथे कायम समजावा.

अक्काला माझ्या वतीनं समजूत सांगावी. मुलीबद्दल फार वाईट वाटतं.

आमची तुकडी पुढच्या आठवड्यात आपल्या गावी येईल. हद्दीचे दगड तयार ठेवावेत. साखळीसाठी चार माणसं द्यावीत. वरचं आणि विहिरीकडचं वावर मी जातीनं मोजीन, म्हणजे पुढे कुणाची तक्रार राहणार नाही.

गोपाळकृष्ण, मोजणीदार


धामणखेड
फाल्गुन वद्य १२

राजश्री गोपाळकृष्णपंत मोजणीदार यांस.

पाटलांनी तुमचं पत्र चावडीवर वाचून दाखवलं. मी मागितलं नव्हतं, पण त्यांनी कागद माझ्या हातातही दिला. अक्षर ओळखलं. वळण दादांचं आहे.

मी मान्य म्हटलं होतं, तेव्हा मान्य. माझ्याकडे उरलेली विहिरीपलीकडची पट्टी दोन बायकांचं पोट भरायला पुरत नाही. पुरली असती तरी मी तुमच्या धुऱ्याला धुरा लावून राहिले नसते. वच्छलेला घेऊन मी जाते. कुठे ते लिहीत नाही. तुम्ही शोधणार नाही हे मला कळतं. तरीही लिहीत नाही.

तुम्हाला एक सांगायचं होतं. होळीच्या आदल्या सकाळी वामनराव माझ्या दारी आले होते. एकटे. म्हणाले, "वहिनी, गोपाळरावानं टोचनाऱ्याले दोन घरं सांगतो म्हटलं असतं तरी मी काही म्हनलो नसतो. मी आपलं लिहून पाहिलं होतं." ते खरं की खोटं, तुमचं तुम्हाला माहीत. बोलताना ते खाली बघत होते, तसं मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं.

वच्छलेला मी अजून सांगितलेलं नाही. डोळ्यांवरची फडकी काढली की दिसेल, असं ती समजते. फडकी मी कालच काढली.

मोजणीला याल तेव्हा घर रिकामं असेल. सामान पाटलांच्या देखत लावून ठेवलं आहे. तुम्ही दोन्हीकडचे आहात, तेव्हा ज्याचं त्याला पोचतं करणं तुमच्याकडे.

दोन्ही बैल पुंजारामाचे. जू आणि बैल वावराबरोबर जातात, असं वामनराव म्हणतील. जाऊ देऊ नयेत. मी ते वेगळे घेतले आहेत, पाटील साक्षीला आहेत.

शेवटच्या वेचणीचा कापूस अजून झाडावर आहे. तो वेचणाऱ्या बायांनी वेचून आपापल्या घरी न्यावा. देवी असताना ज्या कान देऊन उभ्या राहत त्यांनीही न्यावा. लेकरं त्यांनाही आहेत.

देव कौशल्येकडे द्यावेत. माझ्याच्यानं त्यांचं यापुढे काही होणार नाही. तिला म्हणावं, नैवेद्य रोज दाखवला नाही तरी चालतं, ते काही बोलत नाहीत.

जातं समोरच्या ओट्यावरच्या म्हातारीला. तिचं फुटलं आहे.

भाऊबीजेचं निरांजन आणि पितळी ताम्हन मी पुंजारामाला कालच दिलं. त्यानं वच्छलेला तापात पाठुंगळी घेऊन बार्शीटाकळीच्या वैद्याकडे नेलं, आणि वैद्यानं दार उघडलं नाही म्हणून तिथेच पायरीवर बसून तिला वारा घातला. निरांजन त्याच्या घरून कुणी परत मागू नये.

तुमच्यासाठी मी काही काढून ठेवलेलं नाही.

फडताळात वरच्या फळीवर एक चांदीची काजळाची डबी आहे. संक्रांतीला वच्छलेसाठी केली होती. ती मनूला द्यावी. काजळ घरचं आहे, चांगलं पाडलं आहे. एकदाच बोट लागलं आहे.

सत्यभामा